गाडीतळ

देवीच्या जत्रेत लाकडी बाहुल्या विकणाऱ्या दत्ताराम आणि चंपाचं घर म्हणजे त्यांची छपराची बैलगाडी. परळच्या जत्रेत मैदानाच्या कडेला दोन आणे दिले की रात्रभर गाडी उभी करता यायची, शेजारी चूल मांडता यायची. यंदा मात्र दिवेलागणीलाच बिल्ला लावलेले सभेचे कार्यकर्ते हेरंबराव आले.

"अरे, हलव ती गाडी! आज इथे संयुक्त महाराष्ट्राची सभा आहे."

सोमवारचा उपास सोडायला चंपाने भात ठेवला होता. गाडीखालच्या झोळीत पोर तापाने फणफणलं होतं.

"दादा, एका कडेला राहतो की. आम्ही काय परकी हाय?"

"आणि पुढाऱ्यांच्या मोटारी कुठे लावू? तुझ्या डोक्यावर?" हेरंबरावांनी चुलीवर बादली ओतली.

चंपाने पोर उचललं. दत्ताराम बैल जुंपणार, तोच निरोप आला की व्यासपीठाच्या फळ्या आल्याच नाहीत. हेरंबरावांनी गाडीकडे नीट पाहिलं.

"गाडी राहू दे. छप्पर तेवढं उतरव, आणि तुम्ही फुटपाथवर जा."

तासाभराने त्या उघड्या गाडीवर उभे राहून पुढारी गरजले, "मराठी माणसाला मुंबईतल्या त्याच्या घरातून हुसकावणारा आहे तरी कोण? मला दाखवा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर, तापलेलं पोर खांद्यावर घेऊन चंपा गर्दीतून पुढे आली आणि तिने हेरंबरावांकडे बोट दाखवलं.



"ह्यो बघा सायेब, तुमच्या शेजारीच हार घेऊन उभा हाय."