कुठलं विष टाकलंत?

ऐक ना आधी. झाडांना पालवी फुटली की शेजारचे काका गोगलगायी मारायला वाफ्यात विष टाकतात, आणि आज आमची कुत्री ढमी तिथंच तोंड घालून आली. तोंडाला फेस, पाय लटपटतायत. कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले, "विष कुठलं ते विचारून या, नाहीतर हातची जाईल." मी काकांच्या पाया पडले, तर म्हणतात, "मी कशाला विष टाकू? उगाच आळ घेऊ नकोस."

मग मी थाप मारली, "काका, तुमची नातही तिथलीच माती खात होती."

त्यांनी पटकन विषाचं नाव सांगितलं आणि नातीला उचलून दवाखान्यात पळाले.

ढमी वाचली गं. पण तिकडे त्या पोरीचं पोट धुतायत, आणि काकू माझे हात धरून रडतायत, "तू बघितलंस म्हणून बरं."

तू काय केलं असतंस?