बालवाडीची स्टुलं

स्टुलाचा पाय हातात घेऊन सुतार त्याच्या वरच्या भोकाकडे बघत राहिला. भोकात काडेपेटीची अर्धी काडी होती. गुल मोडलेली, टोक तासलेली, सरस लावून आत ठोकलेली. काडी त्याचीच होती. गेल्या मंगळवारी भोक सैल निघालं, स्क्रू धरेना, म्हणून त्यानेच ती बसवली होती. ही युक्ती त्याला बापाने शिकवलेली, आणि म्हाताऱ्यांच्या या केंद्रात दुसरा सुतार नव्हता.

गेल्या मंगळवारचं स्टूल बुधवारीच टेम्पोतून बालवाडीत पोचलं, असं ताईने सांगितलं होतं. मग त्याचा पाय आज जोडायला आलेल्या सुट्या भागांच्या नव्या पिशवीत काय करत होता?

त्याने पिशवी टेबलावर उपडी केली आणि एकेक भोक बघितलं. सगळी झिजलेली. दहा-दहा वेळा स्क्रू आत-बाहेर केल्याशिवाय लाकूड असं झिजत नाही. आणि आपण शहाणे चार महिने बोंबलत होतो, की ताई, माल भिकार येतोय, दुकानदाराला झापा. ताई गंभीर चेहऱ्याने मान डोलवायची.

"आलोच," असं म्हणून तो उठला. टेबलाशी त्याच्याबरोबर स्टुलं जोडत बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी आणि नर्सबाईंनी मान वर केली नाही.

केंद्राचा कारभार ताई बघायची. तिशीची, गोड गळ्याची. साठीपुढच्या माणसाशी ती रांगत्या पोराशी बोलावं तशी बोलायची. आत्ता ती भिंतीवर कागदी फुलं चिकटवत होती. सुताराने स्टुलाचा पाय तिच्या नाकासमोर धरला.

"ही स्टुलं खोलतं कोण?"

तिने आधी मागे कोणी आहे का बघितलं, मग हसली. "आजोबा, हळू बोला ना."

"खोलतं कोण?"

"मी आणि शिपाई. बुधवारी सकाळी." ती त्याचा दंड कुरवाळू लागली. "बालवाडीवाले पहिल्याच खेपेला नको म्हणाले हो. त्यांच्याकडे प्लास्टिकची आहेत, रंगीत. पण तुमचा सगळ्यांचा एवढा उत्साह, त्यावर पाणी कसं ओतायचं? आणि स्टुलाचं काय एवढं? हात चालते राहिले पाहिजेत. मन रमलं पाहिजे. रमतंय ना तुमचं?"

सुताराला शिसारी आली. तिच्या ओलसर हाताची आली, त्या हसण्याची आली, भिंतीवरच्या फुलांचीसुद्धा आली. पोरांच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून तो एकेक कड काचकागदाने घासायचा. सुनेला बजावायचा, मंगळवारी मला बाजारात पाठवू नकोस, तिकडे पोरं जमिनीवर बसली आहेत. चेंडू फेकावा आणि कुत्र्याने पळत जाऊन तो तोंडात धरून आणावा, तसं या बाईने त्याला चार महिने खेळवलं होतं.

"बाकीच्यांना नका हं सांगू," ताईने आवाज आणखी मऊ केला. "पोस्टमास्तरांची तब्येत तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना धक्का बसेल. तुम्ही समजूतदार आहात."

तब्येतीचं मात्र खरं होतं. पोस्टमास्तरांचे हात थरथरायचे. एक स्क्रू बसवायला त्यांना पाव तास लागायचा, आणि बसला की म्हातारा तोंडभर हसायचा. ते हसू आपण घालवायचं? म्हणजे आजपासून या लबाडीत आपणही सामील. त्याला स्वतःचीही किळस आली.

तो परत येऊन बसला. काडीचा पाय फळीला लावला आणि स्क्रू फिरवायला लागला.

"घट्ट बसवा, मास्तर," तो कसाबसा म्हणाला. "पोरं उड्या मारतात."

पोस्टमास्तरांनी नर्सबाईंकडे बघितलं. नर्सबाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"कळलं वाटतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"काय कळलं?"

"पुरे आता, मिस्त्री. आम्हाला दुसऱ्याच मंगळवारी कळलं होतं. माझ्या हातून फळीवर चहा सांडला होता. तोच डाग पुढच्या आठवड्यात परत माझ्यासमोर."

सुतार दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांची नजर टेबलावर होती. "पण त्याच दिवशी तुम्ही घरून हत्यारांची पेटी घेऊन आलात. सात वर्षांनी उघडली म्हणालात. आम्हाला काय हो, लाकडातलं कळतंय कुठे? आम्ही पत्ते खेळत बसलो असतो तरी चाललं असतं. म्हटलं, मिस्त्रींचं मन रमतंय तर रमू दे."

लबाडी एकट्या ताईची होती तोवर सोपं होतं, तिला मनातल्या मनात शिव्या तरी घालता येत होत्या. या दोघांना काय म्हणायचं? त्यांनी चार महिने त्याच्यासाठी स्क्रू पिळले होते. पोस्टमास्तर तोंडभर हसायचे, तेही त्याच्यासाठीच.

उरलेले स्क्रू त्याने आवळले, चारही पाय हलवून बघितले, स्टूल जमिनीवर ठेवलं आणि त्यावर बसला. चार वर्षांच्या पोराच्या मापाचं ते. त्याचे गुडघे छातीला टेकले. स्टूल डगमगलं नाही, साधं कुरकुरलंही नाही.

ताई लगबगीने धावत आली.

"अहो आजोबा, उठा, उठा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मोडेल ना! लहान मुलांचं आहे ते."