हेदरच्या माळावरच्या पेट्या

"आन्सेल्म!" सोलांजने पुन्हा हाक मारली. लव्हाळ्यातून एक पाणकोंबडी फडफडत उठली आणि पलीकडे जाऊन पडली. बाकी काही नाही.

"घसा फोडून घेऊ नका, वहिनी," मागून तिचा दीर लेओंस म्हणाला. "दादाला ऐकू आलं असतं तर एव्हाना ओ दिली असती."

"म्हणजे? आता त्यांना ऐकू येणारच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"अहो, काय बोलता! पाय मुरगळून बसला असेल कुठंतरी ओकच्या झाडाखाली, सगळ्या जगाला शिव्या घालत."

काल दुपारी आन्सेल्म वेताची टोपली घेऊन आळंबी आणायला गेला, तो परतलाच नाही. चुलीवरचं सूप तिने दोनदा गरम केलं, मग पातेलं उतरवलं आणि शेजाऱ्यांच्या दारावर धडका दिल्या. अंधार पडेपर्यंत गावातल्या पुरुषांनी ओकचं रान पालथं घातलं, तळ्यांचे काठ धुंडाळले, पार हेदरच्या जांभळ्या झुडपांच्या माळावरच्या मधाच्या पेट्यांपर्यंत जाऊन आले. आज सकाळी पोलीस कुत्री घेऊन आले आणि मोठ्या तळ्यात लांब काठ्या खुपसू लागले. ते काही तिच्याने बघवेना. ती तडक रानाच्या वाटेला लागली. एकटी कशी जाऊ द्यायची, म्हणून लेओंस बरोबर आला.

ब्रेन मुलखातलं हे रान तसं गरीब. कडा नाही, कपार नाही. नुसतं नेचं, मऊ पाचोळा आणि मधूनमधून दलदल. इथं माणूस हरवतोच कसा? आणि हरवला तर सापडत का नाही?

दलदलीवर टाकलेल्या फळीवरून जाताना लेओंसने पुढे होऊन हात दिला. तेव्हा तिचं लक्ष त्याच्या बाहीकडे गेलं. बायको गेल्यापासून तो दंडावर काळी पट्टी बांधायचा. सोलांजनेच शिवली होती ती. काळा दोरा संपला होता, म्हणून निळ्याने कड दुमडली होती. त्यावर आन्सेल्मसकट तिघंही हसली होती, त्या दुखवट्यातसुद्धा.

"पट्टी कुठं गेली तुमची?"

"काल शोधताना काट्यात अडकली. गेली फाटून."

"शिवून देईन दुसरी."

"आधी दादा सापडू दे हो," लेओंस म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम चिरकला. सोलांजला भरून आलं. भावाभावांचं कितीही वाकडं असो, रक्त ते रक्तच.

वाकडं होतंच, गावाला ठाऊक होतं. सासरे गेले तेव्हा मधाच्या पेट्या थोरल्याकडे आल्या. आन्सेल्म प्रेतयात्रेच्या गडबडीत माश्यांना सांगायचंच विसरला. घरातलं माणूस गेलं, की दुसरा सूर्य उगवायच्या आत पेटीवर टकटक करून माश्यांना सांगायचं, काळी चिंधी बांधायची. नाहीतर त्याही धन्यामागे जातात. वसंत आला तेव्हा सगळ्या पेट्या रिकाम्या निघाल्या. बापाच्या शवपेटीपुढे न रडलेला लेओंस त्या रिकाम्या पेट्यांपुढे हंबरडा फोडून रडला. "तू मारलंस त्यांना!" म्हणाला. आन्सेल्मही तसाच तापट. "पुन्हा माझ्या पेट्यांपाशी पाय ठेवलास तर बघ," म्हणाला. पुढे त्याने माश्यांची नवी पोळी आणून पेट्या भरल्या. आता गुडघे दुखतात म्हणून त्याच पेट्या तो परगावच्या माणसाला द्यायला निघाला होता, धाकट्याला नाही. परवाच दोघांची त्यावरून खानावळीत जुंपली होती.

वाट फुटली तिथं सोलांज थांबली. डावीकडे ओकचं रान, उजवीकडे हेदरचा माळ.

"इकडून," लेओंस डावीकडे वळत म्हणाला.

"नाही. मला पेट्यांकडे जायचंय."

"तिकडे काल माणसं जाऊन आली की! कुणी नव्हतं तिथं."

"काल नव्हते. पण डोकं तापलं की ते तिथंच जाऊन बसतात, मला ठाऊक आहे. रात्रभर भटकले असतील आणि पहाटे तिथं पोचले असतील. का नाही पोचणार?"

"वहिनी, दमलाय तुम्ही. उगाच पायपीट करू नका."

"तुम्ही रानात बघा. मी जाते."

"मी त्या पेट्यांपाशी पाय ठेवत नाही, माहीत आहे ना?" तो जवळजवळ ओरडलाच.

"मग नका ठेवू!" तीही ओरडली. "तुमची भांडणं घाला चुलीत! माझा माणूस हरवलाय!"

ती चालू लागली, मग धावू लागली. घागरा दलदलीत भिजून जड झाला होता, बुटांत पाणी घुसलं होतं. देवा, बसलेले असू देत. टोपी डोळ्यांवर ओढून, पेटीला टेकून, घोरत असू देत. काही बोलणार नाही मी त्यांना. गार सूपसुद्धा मुकाट्याने गरम करून देईन.

रान संपलं आणि जांभळा माळ लागला. माश्यांची गुणगुण ऐकू आली. लेओंस झाडांच्या कडेलाच थांबला होता.

पेट्या ओळीने उभ्या होत्या. माश्या शांतपणे आत-बाहेर करत होत्या. आन्सेल्म नव्हता. टोपली नव्हती, टोपी नव्हती.

"नाहीये ना तिथं?" लेओंसने लांबूनच हाक दिली. "या, वहिनी, माघारी या. सापडेल दादा!"

सोलांजने ऐकलं नाही. प्रत्येक पेटीवर बोटभर रुंदीची काळी चिंधी बांधलेली होती, दवाने ओली. तिने पहिल्या पेटीवरची चिंधी हातात धरली. तिच्या कडेने निळ्या दोऱ्याचे टाके होते.