उद्या बोलू

दोन्ही देशांमधली हॉटलाइन चालू आहे ना, हे आम्ही दोघं रोज सकाळी तपासतो. तो पलीकडे, मी अलीकडे. मी हवामानाच्या चार ओळी वाचतो. तो म्हणतो, "स्पष्ट ऐकू आलं. उद्या बोलू." मीही म्हणतो, "उद्या बोलू." अवांतर बोलायला बंदी. तरी एकदा न राहवून त्याने मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं होतं, आणि मी घरी जाऊन ते बायकोला अशा थाटात सांगितलं, जणू आमच्याच भाचीचं ठरलंय.

आज दारातच सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"संध्याकाळी आपली विमानं निघतायत. तू रोजच्यासारखंच वाच. आवाज हलला तर याद राख."

मी वाचलं. आवाज हलू दिला नाही. मनाशी एवढंच ठरवलं होतं, की शेवटचं "उद्या बोलू" गिळायचं. तेवढ्यावरून तो ओळखेल, लेकीला घेऊन शहराबाहेर पडेल.

"स्पष्ट ऐकू आलं," तो म्हणाला, आणि थांबला. मी वाट पाहिली. त्याच्या मागे कुणीतरी खाकरलं. त्याच्या खोलीत इतक्या वर्षांत दुसरं कुणी कधीच नव्हतं. मग लाइन बंद झाली.

"शाब्बास!" साहेबांनी पाठ थोपटली. "त्याला पत्ताही लागला नाही."

"साहेब, माझा मोबाइल द्या," मी म्हणालो. "पाया पडतो तुमच्या. बायको घरी एकटी आहे."