हंड्याचा आवाज

तांब्याचा मोठा हंडा डोक्यावर घेऊन मी चर्चकडे निघाले, तर दोन्ही सुना दारात आडव्या आल्या.

"आत्याबाई, तो मला देणार होतात ना?" थोरली म्हणाली.

"तुला कधी कबूल केला?" धाकटी फणकारली. ह्या हंड्यापायी सहा वर्षं दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या.

"चर्चची घंटा तडकलीय. ओतारी नवी ओतायला बसलाय आणि तांबं कमी पडतंय," मी म्हणाले. "मग देवाला काय, घरातला चेपका तांब्या नेऊन देऊ? सरका बाजूला!"

खोटं कशाला बोलू, मुशीत हंडा वितळायला लागला तेव्हा मी तोंड फिरवलं. एवढा हंडा गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि ते मी गावाला कधी विसरू दिलं नव्हतं. पुढे महिनाभर दोघींनी माझ्याशी अबोला धरला. निदान तेवढ्यात तरी त्यांचं एकमत झालं.

ईस्टरच्या सकाळी नवी घंटा पहिल्यांदा वाजली. थोरली चुलीपुढून उठली, धाकटी अर्धी वेणी हातात धरून अंगणात आली.

"आपला हंडा गं!"

"बाई, केवढा घुमतोय!"

आणि एकमेकींचा हात धरून दोघी पळाल्या की चर्चकडे, मला तिथेच टाकून!

मी मागून निघाले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "ऐकलंत का? हाक प्रभूची आहे, पण आवाज आमच्या हंड्याचा!"