डिटर, ऊठ!

"डिटर, ऊठ! आत जा," कोच ब्रांट ओरडले. मॅच बरोबरीत, पाचच मिनिटं उरलेली.

बेंचवर डिटर नावाचं कुणीच नव्हतं. शाळा सोडून फुटबॉलमागं लागलेला टिल फिसकन हसला. "सर, भूतबीत दिसलं काय?"

"मस्करी नको! माझा जोडीदार. आत्ता इथंच होता."

असिस्टंट कोचचा चेहरा उतरला. तो टिलच्या कानाशी लागला. "सरांनी आणि डिटरनं डोक्यानं गोल मारून जर्मनी गाजवली. डिटर वारला. शेवटी बायकोलाही ओळखत नव्हता. डॉक्टर म्हणाले, हेडर मारून मारून झालं. जा, तूच जा आत."

टिलचं हसू विरलं. प्रॅक्टिसनंतर ब्रांट रोज त्यालाच थांबवून हेडर घोटून घ्यायचे.

तो आत गेला. बाजूनं उंच क्रॉस आला, थेट कपाळाच्या उंचीवर. समोर गोल मोकळा.

"डोकं घाल, पोरा!" ब्रांट किंचाळले.

टिलनं मान खाली घातली. बॉल केसांना घासून निघून गेला.