झऱ्यावरचा पहारा

शाहमुरादने आणखी एक गाडी परत फिरवली. गाडीतल्या बाईच्या मांडीवर काचेचं भांडं होतं आणि त्यात लाल मासा. नवरोजचा तेरावा दिवस होता. इराणच्या डोंगराळ भागातलं अख्खं लोरिस्तान सतरंज्या, किटल्या आणि पोरंबाळं घेऊन डोंगरात लोटलं होतं. सणाच्या मांडणीतला मासा या दिवशी वाहत्या पाण्यात सोडायचा आणि मनातलं मागून घ्यायचं, ही घरोघरची रीत.

"मासा खाली नदीत सोडा," तो म्हणाला. "वरच्या झऱ्यावर जायला मनाई आहे."

"नदी किती गढूळ आहे. त्यालाही जीव आहे हो."

"झऱ्यातही जीवच आहेत, ताई. तुमच्या माशाला न्याहारीला बरे पडतील."

बाईने तोंड वाकडं केलं आणि गाडी वळली. शाहमुराद सरकारी राखणदार होता आणि गोड बोलणं हे त्याच्या पगारात धरलेलं नव्हतं.

वरच्या झऱ्यात पाणसरडे होते. दिसायला सरडा, जातीने बेडकाचा भाऊबंद. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि पाठीवर केशरी पट्टा. आसपासचे झरे कधीच रिकामे झाले होते. काही दुष्काळाने, काही पाळायला पाणसरडे विकणाऱ्या दलालांनी, तर एक कुणीतरी हौसेने मासे सोडले म्हणून. इथे मात्र ते अजून होते, पण सगळे म्हातारे. सलग दोन वर्षं झरा उन्हाळ्याआधी आटला आणि एकही पिल्लू तगलं नाही. खुर्रमाबादहून येणारी प्राण्यांची डॉक्टरीण ठिपक्यांचे फोटो काढून प्रत्येकाला ओळखायची. यंदाही नवा चेहरा दिसला नाही तर हा झरा संपला, असं तिने सरळच सांगितलं होतं.

यंदा पाऊस बरा झाला आणि दगडांखाली अंडी लागली. शाहमुराद ती बघायला सकाळ-संध्याकाळ जायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. घरची बाळंतीण मी नाही, तुमचा झराच आहे, असं त्याची बायको तूरान हसत म्हणायची. हसताना तिला काय वाटायचं, हे त्याने कधी विचारलं नाही.

नवरोजच्या त्या तेराव्या दिवशी दुपारी वरच्या वाटेने उतरून तिने त्याला भाकरी आणि ताक आणून दिलं. फार खुशीत होती. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने आपली फुशारकी तिखटमीठ लावून सांगितली. एकही मासा वर जाऊ दिला नाही, एक जरी गेला असता तरी चार दिवसांत अंडी साफ. तूरान उठून आत गेली. दमली असेल, असं त्याला वाटलं. सकाळी उठून ती भावाकडे गेली.

हा भाऊ म्हणजे अलीदाद. पूर्वी हाच पाणसरडे पकडून शहरातल्या दलालांना विकायचा. नुसत्या हातांनी पकडायचा, जाळंसुद्धा लागायचं नाही. पुढे इमामजाद्याच्या दर्ग्यात कबरीच्या जाळीला हात लावून त्याने हे सोडल्याची शपथ घेतली. गावाने त्याला माफ केलं. शाहमुरादने केलं नाही. मेहुणा म्हणून तो त्याला चहा पाजायचा, पण डोळा ठेवून असायचा.

पुढच्या पहाटे तो डोळा कामी आला. घळीत अजून नीट उजाडलं नव्हतं. अलीदाद गुडघाभर पाण्यात वाकलेला होता आणि काठावर ओल्या फडक्याने झाकलेली बादली होती. आत काहीतरी फडफडत होतं.

शाहमुरादच्या छातीत एकदम हलकं झालं. इतकी वर्षं आपणच खरे होतो, याचा त्याला आनंद झाला.

"शपथ बरी पचली," तो म्हणाला.

अलीदाद दचकून उभा राहिला. "दाजी, बादली मला घेऊन जाऊ दे. पुन्हा इकडे फिरकणार नाही."

"गिऱ्हाईक ताटकळलंय का?"

"मला काय मारायचं ते मार. बादली तेवढी राहू दे."

शाहमुरादने फडकं भिरकावलं आणि गढूळ पाण्यासकट बादली झऱ्यात उलटी केली. जिथले होते तिथे गेले. अलीदादने पाण्यात झेप घेतली आणि दोन्ही हातांनी तो वेड्यासारखा चाचपू लागला. माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा चोरी, या विचाराने शाहमुरादचं डोकं फिरलं. त्याने काठी उचलली आणि मनगटावर घातली. उजवं मोडल्याचा आवाज त्याने ऐकला. मग डाव्यावर घातली.

अलीदाद काठावर बसून कण्हत राहिला. "घरी जा, दाजी. ताईला विचार."

"आता बहिणीच्या पदराआड लपतोस?"

तसाच त्याला गावच्या चौकापर्यंत चालवत नेलं. सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी माफ केलं होतं त्यांनीच आधी थुंकायला सुरुवात केली. हाडवैद्याने हात बघून मान हलवली, बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत म्हणाला. शाहमुरादला वाईट वाटलं नाही. झऱ्याला त्या बोटांचाच तर धोका होता.

घरी आल्यावर त्याने तूरानला सगळं सांगितलं. भावासाठी रडेल, भांडेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. तिने भावाचं काहीच विचारलं नाही.

"बादलीचं काय केलंत?"

"काय करणार? सगळी झऱ्यात ओतली."

तूरान भिंतीला टेकून खाली बसली.

"मासे होते त्यात," ती म्हणाली. "पिल्लं जगू देत, असा नवस बोलून तेराव्याला मीच सोडलेले."